पोरीला गायनपार्टीत पाठवू का?

जयंतीचे दिवस होते. मिरज तालुक्यातल्या एका गावात विहारासमोर मंडप पडला होता. गायनपार्टी यायला उशीर होता आणि माईकवाला 'हॅलो, हॅलो' करून पोरांची करमणूक करीत होता. एवढ्यात एक ताई पदर सावरत जवळ आल्या. द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या, नवरा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल.

"दादा, तुमी पेपरात लिवता न्हवं? मग एक सांगा. माजी पोरगी बारावी झाली. गळा बरा हाय तिचा. पार्टीचं वस्ताद म्हणत्यात, कोरसला पाठवा, वरसात गायिका करून दावतो. आनि ह्यांचं म्हणणं, आपल्या घरातनं तमाशात कुणी जायाचं न्हाई. पाठवू का नगं?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. 'पाठवा' म्हणावे तर उद्या पोरीचे शिक्षण मोडल्यावर ही माउली कुणाला जाब विचारणार? 'नको' म्हणावे तर भीमगीते गाऊन ज्यांनी ही चळवळ गावोगाव नेली, त्यांचा अपमान होतो. तेवढ्यात पार्टी आली, पेटी-ढोलकी उतरली, बोलणे तिथेच थांबले. ताईंना त्या रात्री जे सांगायचे राहिले ते आज लिहितो. असाच प्रश्न पडलेली घरे सातारा-सांगलीत पुष्कळ आहेत.

बापाची भीती खोटी नाही

प्रथम त्या हमाल बांधवाची बाजू मांडली पाहिजे. तो जुन्या विचाराचा आहे म्हणून नाही म्हणतो असे नव्हे. आपल्या समाजाच्या आठवणीत तमाशा म्हणजे काय आहे, ते त्याच्या बोलण्यात उतरले आहे.

तमाशाच्या फडात कोण असे? महार, मांग, कोल्हाटी. ढोलकी आमची, तुणतुणे आमचे, गळा आमचा आणि घुंगरूही आमचेच. समोर फेटे उडवणारा मात्र गावचा पाटील-इनामदार. फडमालक हंगामाच्या तोंडावर 'उचल' देई. ती उचल लग्नात, दुखण्यात खर्च होई आणि मग हंगाम संपला तरी फिटत नसे. फिटेपर्यंत फड सोडता येत नसे. एकदा फडात गेलेली बाई गावात परत येऊन मानाने उभी राहू शकत नसे. हलगीचीही तीच कथा. ती बलुत्यात वाजवायची, गावाच्या मिरवणुकीपुढे, देवापुढे. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर कितीतरी घरांनी हलगी खुंटीला टांगली आणि पुन्हा काढली नाही. त्यांनी कला टाकली असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की त्यांनी वेठ टाकली.

पठ्ठे बापूराव याच सांगली जिल्ह्याचे, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. जन्म १८६६चा. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मणाचा मुलगा, पण वेड लागले ढोलकी-तुणतुण्याचे. त्याने जातीचा सोवळेपणा सोडला, फडात आला, आणि पुढे पवळाबाईंबरोबर त्याची जोडी महाराष्ट्रभर गाजली. पवळाबाई महार समाजातल्या, संगमनेरकडच्या हिवरगाव पावसा गावच्या. कुलकर्ण्याच्या घरात वाढलेल्या या शाहिराला रंगभूमीची धुळाक्षरे महार-मांगांच्या फडाने शिकवली, हे आपण अभिमानाने सांगावे. कलेत गुरू कोण आणि शिष्य कोण, हे जात ठरवीत नाही याचा हा जिवंत दाखला.

पण याच बापूरावांची दुसरी गोष्टही आपल्या घरांतून सांगितली जाते. महाडच्या लढ्याच्या काळात त्यांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. आमच्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा नको, असा त्या नकाराचा अर्थ होता. पैशाची गरज त्या दिवसांत केवढी होती, हे आठवले म्हणजे त्या नकाराचे वजन कळते.

आणि विठाबाई! भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात बापाच्या हाताखाली वाढलेली ही कलावती. राष्ट्रपतींकडून सन्मान झाला, नाव सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. २००२ साली गेल्या, आणि शेवटचे दिवस हलाखीतच गेले. आता शासन त्यांच्या नावाने पुरस्कार देते. एवढी मोठी बाई आणि हे असे. मग ज्या पोरीला अजून सूरही नीट लागत नाही तिच्या बापाने घाबरू नये तर काय करावे?

फडाची शाळा

तरीही एक गोष्ट नाकबूल करता येत नाही. ज्यांना गावच्या शाळेत व्हरांड्याबाहेर बसवले जाई त्यांच्यासाठी फड हीच एक शाळा होती.

तिथे प्रवेश-अर्ज नव्हता. नवे पोर आले की आधी बिऱ्हाड उचलायचे, कनातीचे खुंटे ठोकायचे, ढोलकीच्या कड्या ओढून द्यायच्या, हलगी विस्तवावर शेकून द्यायची. ढोलकीवाला लगेच शिकवीत नाही. महिना-दोन महिने पोराने नुसते ऐकायचे. मग एखाद्या रात्री झीलकऱ्याला ताप येतो, आणि वस्ताद म्हणतो, "ये रं, हुबा ऱ्हा." सुरत्याच्या मागे उभे राहून गायकाची ओळ उचलायची, सूर खाली पडू द्यायचा नाही. ही पहिली परीक्षा. गण झाला, गौळण झाली, बतावणी आली की पोराने सोंगाड्याकडे बघायचे: लोक कुठे हसले, कुठे नाही हसले, नाही हसले तेव्हा त्याने काय केले. वगात आधी शिपाई, मग प्रधान, आणि नशीब असेल तर राजा. सात-आठ हंगामांत माणूस तयार. कागदावर एक अक्षर नाही, पण शंभर गावांचे पाणी प्यालेला कलावंत उभा राही.

अण्णा भाऊ साठे हे या शाळेतून बाहेर पडलेले सर्वांत मोठे नाव. १ ऑगस्ट १९२०चा जन्म, गाव वाटेगाव, तालुका वाळवा. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची, हे सर्वांना माहीत आहे. पण ते अशिक्षित होते असे जे सहजपणे म्हटले जाते ते मला मान्य नाही. वाटेगावात त्यांचे नातलग बापू साठे यांचा तमाशा होता, त्यात ते राबले. लोकांसमोर कसे उभे राहायचे, गोष्ट कुठे थांबवायची, हसवता हसवता वर्मावर बोट कसे ठेवायचे, हे त्यांनी तिथे गिरवले. मग मुंबईच्या गिरणगावात गेले आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले. जुन्या तमाशातल्या राजा-प्रधानाच्या जागी सावकार आणि मजूर आणून उभे केले. वाटेगावच्या फडातली उमेदवारी झाली नसती तर 'अकलेची गोष्ट' लिहायला ती अक्कल कुठून आली असती? पुढे 'फकिरा' कादंबरी त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली.

दुसरे उदाहरण कवलापूरचे. सांगलीहून जवळच हे गाव. काळू आणि बाळू हे जुळे भाऊ, लहू आणि अंकुश खाडे, वडील-चुलत्यांच्या फडात लहानपणापासून वाढले आणि 'जहरी प्याला' या वगातल्या शिपायांच्या सोंगांनी त्यांनी दोन-तीन पिढ्या पोट धरून हसवल्या. काळू २०११ साली गेले, बाळू २०१४ साली. शहाण्या लोकांनी अभिनयाचे जे काही वर्ग काढले आहेत, त्यांतल्या किती जणांना त्या दोन शिपायांसारखे नुसते उभे राहून हसे पिकवता येईल?

याच सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतात तो त्यावरूनच. पुढे नाटक मंडळ्या निघाल्या. त्यांतही पोरे लहानपणीच दाखल होत, जेवण-राहणे मंडळीचे, तालीम मास्तरांकडे. थोडक्यात तीही फडासारखीच शाळा. फरक एवढाच की तिथे राजाश्रय होता, अब्रू होती, आणि दाराशी आपल्याला मज्जाव होता. आपल्या शाळेला मात्र ना छप्पर ना अब्रू. दोन्ही शाळांत गुरू तेवढ्याच तोलाचे होते.

जलशाने काय केले

मग काय, फडातच जावे? नाही. बाबासाहेबांच्या माणसांनी तिसरी वाट काढली. ती या लेखाचा खरा विषय आहे.

सातारा भागात सत्यशोधक जलशांचा जोर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मोठा होता. तमाशाचाच साचा, पण देवाधिकांच्या जागी भटशाही-सावकारशाहीची खबर घेतलेली. आंबेडकरी जलसा त्याच्या पुढे गेला. नाशिककडचे भीमराव कर्डक यांनी तीसच्या दशकात हा जलसा गावोगाव नेला. पुढे १९७८ साली त्यांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तकच लिहिले, ते प्रत्येक विहाराच्या कपाटात असले पाहिजे. जलशाने काय ठेवले आणि काय टाकले ते पाहा. ढोलकी ठेवली, बतावणी ठेवली, प्रश्नोत्तरे ठेवली, हशा ठेवला. बाई नाचवणे टाकले, दौलतजादा टाकली. दिवसा मजुरी आणि रात्री जलसा असे करणारी माणसे त्यात होती. नवा मुलगा आला की त्याला गाणे शिकवण्याआधी आपण कशासाठी गातो हे शिकवले जाई. फडाची शाळा तीच, पण तिच्यातली उचल आणि लाचारी काढून टाकली.

वामनदादा कर्डकांचेही असेच. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२चा. मुंबईत मजुरी करताना कुणीतरी चिठ्ठी वाचायला दिली आणि वाचता येईना. त्या शरमेने ते रडले. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे लिहिले, आणि मग २००४ पर्यंत हा माणूस खांद्याला झोळी लावून गावोगाव हिंडला. जिथे गेला तिथे दोन-चार पोरे त्याच्याभोवती बसून गाणे उतरवून घेत, चाल धरत. एका मास्तराने एका मजुराला बाराखडी शिकवली. ती उसनवारी वामनदादांनी पुढे आयुष्यभर फेडली.

आता सातारकडे वळू. सातारा म्हटले की आपल्याला बाबासाहेबांची शाळा आठवते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तिथल्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, घातले गेले; तो दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. माता भीमाईंची समाधीही साताऱ्यातच. आणि त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह काढले. 'कमवा आणि शिका' हे त्यांच्या शिक्षणाचे सूत्र. पोराने अंगमेहनत करायची, त्या मेहनतीवर त्याचे शिक्षण चालायचे, आणि मेहनत शिक्षणाच्या आड येऊ द्यायची नाही. हे सूत्र आपल्या गायनपार्ट्यांनी उचलायला काय हरकत आहे? नवशिक्याने काम करायचे, कामाचे दाम घ्यायचे, आणि शाळा-कॉलेज मोडायचे नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी. यातली एक जरी गळली तरी मग तो जुना फडच.

माझे दोन हंगाम

हे मी ऐकीव सांगत नाही. अठराव्या वर्षी मीही एका पार्टीत कोरसला होतो. पार्टीचे नाव घेत नाही, घेण्यात अर्थ नाही.

टेम्पोत पेटी, ढोलकी, स्पीकरचे खोके आणि त्यावर आम्ही सात जण. रात्री दोनला कार्यक्रम संपे, विहाराच्या ओसरीवर अंग टाकायचे, सकाळच्या यष्टीने घर. दोन हंगाम केले. पहिल्या हंगामाच्या शेवटी एक शर्टपीस आणि टोपी मिळाली. दुसऱ्याच्या शेवटी "पुढच्या वर्षी बघू." परीक्षा जयंतीच्या तोंडावर असते हे कुणी विचारात घेतले नाही, मीही नाही. ते वर्ष बुडाले. आईने पोलक्याच्या शिलाईतून साठवलेली फी फुकट गेली, हे आज लिहितानाही टोचते.

पण त्या पार्टीत एक म्हातारे ढोलकीवाले होते. त्यांना सही करता येत नव्हती. त्यांनी मला समेवर यायला शिकवले. माईकपासून किती अंतरावर उभे राहायचे, लोक कंटाळले की कडवे कसे आखडायचे, दारू पिऊन कुणी पुढ्यात नाचायला लागला तर गाणे न थांबवता कार्यकर्त्याला खूण कशी करायची, हे त्यांनी शिकवले. कुठल्याही कॉलेजात ते शिकवत नाहीत. मला पैसे मिळाले नाहीत याचा राग अजून आहे, आणि ते वस्ताद भेटले हे भाग्यही वाटते. दोन्ही खरे आहे.

वहीत लिहून घ्या

म्हणून ताईंना आणि त्यांच्यासारख्या सगळ्या आयांना माझे सांगणे असे की पाठवा, पण वही घेऊन पाठवा.

वस्तादांना विहारात बोलवा. चहा पाजा, मान द्या, वस्ताद हा मानाचाच माणूस. पण मग वही उघडा. तालीम आठवड्यातून किती दिवस आणि कुठे? कार्यक्रमाला मुलगी कुणाबरोबर जाणार, रात्री परत आणून सोडणार कोण? पार्टीत दुसरी वयाने मोठी बाई आहे का? कपडे बदलायला बंद खोली आणि संडासाची सोय आयोजकांकडून आधी मागून घेणार का? ही शेवटची गोष्ट बायकांना सोडून कुणाला सुचत नाही. गायिका दुपारपासून पाणी प्यायच्या बंद होतात, हे पार्टीवाल्या पुरुषांना ठाऊकही नसते. आणि बिदागी. नवशिकीला मुख्य गायिकेइतकी मिळणार नाही हे कबूल. पण किती मिळणार ते आधी ठरले पाहिजे आणि कार्यक्रम झाला की त्याच रात्री हातात पडले पाहिजे. 'शिकते आहे, तिला कशाला पैसे' हे बोलणे उचलीचेच दुसरे तोंड आहे. उचल मात्र कधी घेऊ नये. लग्न असो, दुखणे असो, पार्टीच्या मालकाकडून आगाऊ पैसे घेतले की पोरीचा 'नाही' म्हणायचा हक्क गेला.

परीक्षेच्या काळात सुट्टी हेही लिहून घ्या. जयंतीच्या सुपाऱ्या एप्रिल-मेमध्ये असतात आणि कॉलेजच्या परीक्षाही तेव्हाच. वस्तादांना दोन कोरसवाल्या तयार ठेवाव्या लागतील. ठेवू द्या, तेवढ्याच दोन मुली शिकतील.

आता रेकॉर्डिंगचे. पूर्वी कॅसेटचा जमाना होता, आता यूट्यूबवर गाणी येतात. कोरसवालीचे नाव कुठेच नसते. नाव आले पाहिजे, कारण पुढे तेच कामाला येते. ते कसे? केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, महिना ५ हजार रुपये, दोन वर्षे. लोककलाही त्यात येतात. पण त्यासाठी गुरूकडे पाच वर्षे शिकल्याचा दाखला लागतो. आपल्या पोरांना गुरू असतो, दाखला नसतो! १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी दिल्लीच्या सीसीआरटी या संस्थेची वेगळी शिष्यवृत्ती आहे, आणि परंपरेने कला जपणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी त्यात काही जागा राखीव असतात. नियम बदलत असतात, तेव्हा त्या त्या वर्षीची जाहिरात वाचूनच अर्ज करावा. म्हातारपणाचेही तसेच. ज्येष्ठ कलावंतांना राज्य शासन मानधन देते, २०२४ साली ते महिना ५ हजार रुपये झाले. त्यासाठीही कलेत काम केल्याचे पुरावे लागतात. ज्यांनी चाळीस वर्षे ढोलकी बडवली त्यांच्यापाशी एक हँडबिल नसते. म्हणून पहिल्या कार्यक्रमापासून हँडबिल, फोटो, वर्तमानपत्राचे कात्रण एका पिशवीत घालून ठेवायची सवय लावा. आईच्या ट्रंकेत रेशनकार्डाशेजारी ती पिशवी असावी.

कायदाही थोडा माहीत असावा. चौदा वर्षांखालच्या मुलाला सिनेमा-मालिकेत काम देता येते, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, एका दमात २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत ठेवावा लागतो. कामाच्या ठिकाणी मुलीला कुणी त्रास दिला तर २०१३च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याला तक्रार समिती आहे. पार्टी लहान आहे, ऑफिस नाही, म्हणून तक्रार करता येत नाही असे नाही.

हे सिनेमा-मालिकेचे सांगायचे कारण सातारकरांना कळेल. वाई आणि परिसरात चित्रीकरणे फार होतात. मेणवलीचा घाट कितीतरी हिंदी सिनेमांत आला. 'लागिरं झालं जी' ही मालिका २०१७ ते २०१९ या काळात साताऱ्याच्या मातीत चित्रित झाली आणि तिने त्या भागातल्या कितीतरी नव्या पोरा-पोरींना पहिले काम दिले. चांगली गोष्ट. पण अशा ठिकाणी 'रोल मिळवून देतो, एवढे भरा' म्हणणारेही हिंडतात. काम देणारा पैसे देतो, मागत नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरे. आणि गर्दीत उभे राहण्याचे काम मिळाले तरी हरकत नाही, फक्त डोळे उघडे ठेवावेत. लाईट कसा लावतात, आवाज कसा टिपतात, मेकअप, कपडे, सेट हे सगळे धंदे आहेत. आपली पोरे इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करतात. त्यांना कुणी रंगमंचाच्या दिव्यांकडे वळवत नाही. तिथे चेहरा गोरा आहे का हे कुणी विचारत नाही.

पाचगणीजवळच्या महूचे संभाजी भगत मुंबईत जाऊन आव्हान नाट्य मंचात घडले. विलास घोगरेंसारख्या शाहिरांच्या सोबतीने रस्त्यावर, चाळीत, संपात गायले. पुढे त्यांच्या संकल्पनेतून 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ साली आले, तेव्हा त्यात जालन्याकडची शेतकऱ्यांची पोरे उभी राहिली. 'कोर्ट' सिनेमाची गाणी भगतांची आणि त्यातला लोकशाहीर साकारला तो नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. त्यांनी त्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर नाव कमावलेले नव्हते. नागराज मंजुळ्यांनीही 'फँड्री'चा जब्या हलगी वाजवणाऱ्या पोरांतून निवडला. म्हणजे खुंटीवरची ती हलगी पुन्हा खाली आली, पण या वेळी कुणाच्या हुकमावरून नाही.

सगळे असे चमकणार नाहीत, हेही सांगतो. शंभरातले नव्वद जण दिवसा कारखान्यात, यार्डात, दवाखान्यात काम करतील आणि रात्री गातील. ते काही अपयश नव्हे. कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांत, राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी संघांत अशीच माणसे असतात. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात एकदा पडद्यामागे उभे राहून पाहावे: दोर ओढणारा, दिवा लावणारा, पेटीवाला, सगळे सकाळी कामावर जाणारे.

वर्षावासात मी पुन्हा त्या गावी गेलो. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन चालू होते, आणि वाचनानंतर तीच मुलगी दोघी मैत्रिणींबरोबर गात होती. आवाज अजून वर चढताना फाटतो. ताईंनी वही दाखवली. शंभर पानी, शाळेचीच. वस्तादांनी आधी कुरकुर केली होती, "आजवर कुणी असं लिवून घेतलं न्हाई आमच्याकडनं." मग म्हणाले, लिहा. तालमीचे दिवस, परीक्षेची सुट्टी, बिदागीचा आकडा आणि खाली वस्तादांची मोठी, सावकाश काढलेली सही. उचल नाही, असे ताईंनी स्वतः लिहिले होते. 'उचल'मधला 'च' दोनदा गिरवलेला.

बाप अजून नीट राजी नाही. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पहिल्या कार्यक्रमाला तो यार्डातून अर्धी रजा टाकून टेम्पोत पुढे बसून गेला होता म्हणे. वहीच्या दुसऱ्या पानावर त्या रात्रीची बिदागी लिहिली आहे आणि 'मिळाली' म्हणून सही आहे, ती मुलीची.